बासरीचं चौथं भोक

खुशाल बुरडाच्या हाताला एकच वाईट खोड होती. पंधरा आणे काम तो मन लावून करायचा आणि सोळाव्या आण्याला त्याला घाई सुटायची. सूप विणावं तर त्यानेच, पण काठाची शेवटची गाठ सैल. टोपली घट्ट, पण बुडाशी एक कामटी हमखास बाहेर आलेली. बायको शामकला म्हणायची, "तुमी सर्गाच्या दारापर्यंत जासान, अन् आत पाय टाकाचा कंटाळा करसान."

देवरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या त्या गावाने ही खोड कधीच सोसून घेतली होती. सुपाची गाठ सुटल्याने कोणाचं काय अडतं? पण खुशालच्या घरी बापापासून बासऱ्याही बनत, आणि बासरीला सोळावा आणा माफ नसतो.

बकाराममामा हे त्या बासऱ्यांचं जुनं गिऱ्हाईक. जातीने गोवारी, गावाची गुरं राखणारे. दिवाळीत गायगोधन निघे तेव्हा रंगवलेल्या शिंगांची गुरं, मोरपिसं बांधलेली उंच काठी म्हणजे ढाल, ढोल आणि या सगळ्यांच्या पुढे मामांची बासरी असे. पुढे चालायचा तो मान त्यांचे केस काळे होते तेव्हापासून त्यांचाच. गोधनात बासरीवर वाजायची चाल तशी साधी. पण मध्ये एका जागी ती वर चढायची आणि तिथे गुरंसुद्धा कान टवकारतात, असं म्हातारे सांगत. म्हाताऱ्यांचं काय, ते काहीही सांगतात. लोकांचे पाय मात्र त्या जागेवर खरोखर थबकत.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली मामांची जुनी बासरी चिरली, म्हणून त्यांनी खुशालला नवी सांगितली. दिवाळीच्या बाजाराची धांदल, आणि घरात नीट वाळलेला बांबूचा तुकडा एकच. खुशालने लाल तापलेल्या सळईने भोकं पाडली आणि चौथं भोक जरासं खाली उतरलं. तांदळाच्या दाण्याएवढंच. त्याने फुंकून पाहिलं. बाकीचे सूर गोड, हा एक बसका. आणि तोही नेमका चढायच्या जागेचा. त्याला ते कळलं, यात शंका नाही. "ढोलाच्या आवाजात कोणाले समजते," असं स्वतःशी म्हणत त्याने बासरीला तेल चोपडलं आणि मामांच्या हवाली केली.

सगळ्यांना समजलं. गोधन रंगात आलं, चाल चढायच्या जागी आली आणि फसकन बसली. दुसऱ्या फेरीतही तेच. गोड खिरीत दाताखाली खडा यावा तसं झालं. पोरं हसली, आणि कोणीतरी म्हणालं, "मामाचा दम गेला गा."

पुढच्या बाजारात मामा ती बासरी घेऊन खुशालच्या दुकानापाशी आले. भोवती गिऱ्हाइकं उभी होती.

"खुशाल, पाय बरं. बासरी तं बरी हाये नं?"

खुशालने ती उलटसुलट करून पाहिली. फुंकली नाही, फुंकायची गरजच नव्हती. पण चार गिऱ्हाइकांसमोर आपल्या हाताला आपणच नावं ठेवायची, हे त्याच्या जिवावर आलं.

"बासरी बरी हाये, मामा. तुमचे बोटं जड झाले असतीन."

मामांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "असंन बावा. वय झालं," म्हणाले आणि निघून गेले. बुरडाच्या घरच्या बासरीवर शंका घ्यावी, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

पुढच्या दिवाळीला पुढे चालायचा मान त्यांच्या पुतण्याकडे, छोटेलालकडे गेला. मामा गुरांच्या मागे, धुळीत चालले. कोणी त्यांना पुढे चला म्हणालं नाही आणि मागे राहा असंही म्हणालं नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. खुशाल बांबू तोडायला रानात गेला की त्याला मामांची बासरी ऐकू येई. गुरं चरायला सोडून मामा एकच जागा पुन्हा पुन्हा वाजवत. ओठ आवळून, जोर लावून तो बसका सूर वर ढकलत. कधी जमे, कधी नुसती हवा जाई. खुशालच्या हातातली कुऱ्हाड थांबे. आपण या म्हाताऱ्याचा मान खाल्ला, या विचाराने त्याला घास गोड लागेना. शेवटी त्याने शामकलाला सगळं सांगितलं.

"मंग मले कायले सांगून रायले?" ती फणकारली. "मामाले सांगा नं!"

तरीही त्याला धीर व्हायला त्यापुढची दिवाळी तोंडावर यावी लागली. त्याने चांगला वाळलेला बांबू निवडला, बापाच्या मापाची काडी लावून भोकं पाडली, दहादा फुंकून पाहिलं आणि ती बासरी घेऊन मामांच्या अंगणात उभा राहिला.

"मामा, खोट त्या बासरीत होती. मले मालूम होतं. मी खोटं बोललो."

आता शिव्या पडणार म्हणून त्याने मान खाली घातली.

"मंजे माहे बोटं बरे हायेत?"

आणि मामा हसायला लागले. बोटं डोळ्यांपुढे धरून हलवून पाहायला लागले. त्या आनंदात रागाला शिरायला जागाच नव्हती. त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर खुशालला बरं वाटलं असतं.

छोटेलाल भला माणूस. त्याने मान परत दिला. गोधन निघालं, मामा पुढे. चाल रंगली, चढायच्या जागी आली आणि सूर किंचाळत भलतीकडेच गेला. मामांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच.

खुशालला क्षणात उमगलं. भोक जागेवर आलं होतं, पण ओठ जागेवर राहिला नव्हता. बसका सूर वर ढकलायची दोन वर्षांची सवय मामांच्या तोंडात बसली होती. बासरी खरी होती आणि मामा आता खरोखरच बिघडले होते.

मामा गर्दीत त्याला शोधत होते. खुशाल पुढे झाला.

"बासरीच खोटी हाये!" तो ओरडला. "मागची बी मीच बिघडवली, अन् हे बी. मामाले कोणी नावं ठेवू नोका!"

"मंग धंदा कायले करतं गा?" कोणीतरी खेकसलं. त्या दिवाळीच्या बाजारात त्याची एकही बासरी खपली नाही, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही.

पण मामाच पुन्हा दारात आले. "दुसरी बनवून दे. अन् या खेपेले नीट पाय."

आता आली का पंचाईत! बापाच्या मापाने भोक पाडावं तर मामांचा सूर पुन्हा किंचाळणार. मामांना खरं सांगावं तर त्यांना सांगायचं तरी काय? की तुमचा ओठ बिघडला, आणि तो मी बिघडवला? नुकतीच परत मिळालेली बोटं त्यांच्याकडून पुन्हा काढून घ्यायची? खुशालने मापाची काडी बाजूला ठेवली आणि चौथं भोक जाणूनबुजून खाली पाडलं.

पुढच्या गोधनात चाल चढायच्या जागी आली आणि सूर बरोबर लागला. लोकांचे पाय थबकले. मामांनी खुशालचा हात धरून त्याला सगळ्यांपुढे ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाहा गा! याले म्हणतात खरी बासरी!"

लोकांनी माना डोलावल्या. मामा त्याच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून खुशालनेही मान डोलावली.