टेपच्या शेवटचं वाक्य

कॉलेजात त्यांना सगळे मोजपट्टी म्हणत. म्हणजे तोंडावर मॅडम, आणि पाठ वळली की मोजपट्टी. उद्याचे संगीतशिक्षक त्यांच्या वर्गात घडत होते, आणि ठेका धरताना कुणी केसभर जरी पुढेमागे झालं तरी बाईंची पेन्सिल टेबलावर टकटक करी. पोरं वैतागायची. पण बाई कुणाशी वावगं वागतील, असं एकालाही वाटलं नसतं. खुद्द बाईंनाही नाही, आणि सगळी गोम तिथेच होती.

शिकवण्याखेरीज बाईंना एक वेड होतं. त्यांच्या शहरात एके काळी जॅझ जोरात वाजायचं, त्या दिवसांचं संशोधन. तेव्हाचे वाजवणारे एकेक करून गेले. मागे उरले होते ते फक्त ड्रमवाले काका. काकांचा धाकटा भाऊ त्यांच्याच बँडमध्ये बास वाजवायचा. माणसापेक्षा उंच आणि अंगाशी धरून वाजवायचं ते धिप्पाड तंतुवाद्य. भाऊ ऐन तिशीत गेला. बाई मुलाखतीला गेल्या की निघताना काका हटकून विचारत, "आमचं काही रेकॉर्डिंग मिळालं का हो? त्याचा आवाज कसा होता, तेच विसरत चाललोय मी."

आणि मिळालं की. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर, धूळ खात पडलेली टेप. वाजवणं संपल्यावर मशीन बंद करायला कुणीतरी विसरलं होतं, आणि शेवटी भावाचा हसरा आवाज होता, "दादा, किती पळतोस रे. मला सोडून कुठं निघालास?"

बाईंनी तेव्हाच काकांना फोन लावायला हवा होता. पण दुसऱ्या विद्यापीठातले एक सर याच विषयाच्या मागे होते, आणि काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सरांना वास लागला असता तर बाईंच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं. तेव्हा आपला शोधनिबंध छापून येईपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही, मग काकांना निवांत बसून ऐकवू, असं त्यांनी ठरवलं. छापायला वर्ष गेलं. मधे काकांचे फोन आले. बाई म्हणाल्या, "शोधतेय, काका."

निबंधाचं कौतुक झालं. भावाच्या त्या वाक्यावर त्यात सबंध परिच्छेद होता, 'वादकांमधील अनौपचारिक लयसंवाद'. म्हणजे ठेका पळवणाऱ्या थोरल्याला धाकटा भाऊ चिडवत होता, एवढंच.

त्याच आठवड्यात काकांच्या सुनेचा फोन आला. मोठं आजारपण झालं होतं, त्यात काकांचे कान पार गेले. मशीन लावूनही उपयोग नव्हता.

बाई टेप घेऊन गेल्या खऱ्या, पण जिना चढणं जिवावर आलं होतं. सुनेनं त्यांच्या हातात पाटी आणि खडू दिला. "यावर लिहा, मॅडम. वाचतात ते."

टेप सापडल्याचं वाचून काका लहान मुलासारखे हरखले. बाईंनी टेप लावून आवाज होता तेवढा वाढवला. काकांनी स्पीकरवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालू लागली. बाई सवयीनं मोजत राहिल्या. केसभरही चूक नव्हती.

"हा तोच," काका म्हणाले. "हाताला लागतोय बघा."

मग वाजवणं संपलं. बोटं थांबली, तळवा तसाच राहिला. भाऊ बोलला. सुनेनं तोंडावर पदर धरला. काकांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"किती शोधलंत तुम्ही माझ्यासाठी," त्यांनी डोळे उघडून विचारलं. "कधी सापडली?"

'काल' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. उलट विचारणारं कोण होतं? गेले कित्येक दिवस बाईंचं मन त्यांना खात होतं, आणि त्या कौतुकानं तर त्या पार कानकोंड्या झाल्या. त्यांनी लिहिलं, 'गेल्या वर्षी. निबंध छापून येईपर्यंत लपवून ठेवली. तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं.'

काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. सुनेनंही वाचलं, आणि ती आत निघून गेली. काकांनी बाहीनं पाटी पुसली.

"शेवटी कुणी बोललं का हो? ती रडत होती म्हणून विचारतो."

बाईंनी होकाराची मान हलवली आणि पाटीला हात घातला. काकांनी ती सोडली नाही.

"लिहू नका. बोला. तो म्हणाला तसं."

बाई बोलल्या. काका त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते.

"मोठ्यानं म्हणा."

"दादा, किती पळतोस रे. मला सोडून कुठं निघालास?"

"अजून मोठ्यानं."

वर्गात कधी आवाज न चढवणाऱ्या बाई त्या खोलीत ओरडून तेच म्हणत होत्या. सून धावत दाराशी आली. काका कान पुढे करून बसले होते, आणि त्यांचा तळवा बंद स्पीकरवर तसाच होता.