विहिरीची ओटी

गिरीज गावच्या बागायती वाड्यांमध्ये इमारती उठायला लागल्या, तसा फोटोग्राफर आत्माराम बुजवायला काढलेल्या विहिरींचे फोटो काढत हिंडू लागला. एके दुपारी बिल्डरच्या माणसाने, गावातल्याच मोरेश्वरने, त्याची गचांडी धरली.

"कोर्टात दाखवणार काय? काढ रोल!"

"अरे, रोल गुंडाळू तरी दे! उजेड लागला तर सगळे फोटो जातील!"

पण मोरेश्वरने कॅमेरा हिसकावला, झाकण उघडलं आणि सगळी फिल्म भर उन्हात खेचून काढली. मग मात्र तो तिथेच घुटमळला. खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, काल आमचीही विहीर बुजवली. आईने अन्नाला हात लावला नाहीये. विहिरीचा एखादा फोटो असेल तर द्या ना."

आत्मारामने त्याच्या मुठीतल्या फिल्मकडे पाहिलं. "परवाच काढला होता. तुझी आई विहिरीची ओटी भरत होती."