कोऱ्या कागदाखालची सूचना

जी सूचना वाचायचीच सोय नाही, ती दिली असं म्हणायचं का?

माझ्या वडिलांचं मत या प्रश्नात अडकलं, म्हणून विचारते.

वडील पक्षाचे कार्यकर्ते, त्यामुळे मी पत्रकांवर वाढले. पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. आई मैद्याची खळ शिजवायची आणि वडील मला घेऊन भिंती शोधत निघायचे. त्यांचा नियम होता, दुसऱ्याचा कागद फाडायचा नाही, त्यावर आपला चिकटवायचाही नाही. विरोधकाचाही कागद लोकांनी वाचला पाहिजे.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिना इतका अरुंद की त्यांना बसवून न्यायची खुर्ची वळत नाही.

गेल्या लोकसभेला कळलं, अशा दिव्यांगांना घरून मत देता येतं. फक्त मुदतीत अर्ज करायचा. तो अर्ज घेऊन येणारे कर्मचारी आमच्या गल्लीत फिरकलेच नाहीत. निवडणूक कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, "सगळं वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावलंय."

गेले. फलक वरपासून खालपर्यंत कोऱ्या कागदानं मढवलेला! आचारसंहितेत पुढाऱ्यांची नावं झाकतात. या फलकाच्या माथ्यावर कुणा माजी नगरसेवकाचं नाव होतं. ते झाकायला आलेल्यांनी फलकच झाकून टाकला होता, आतल्या ताज्या सूचनेसकट.

"हे काढा," मी आतल्या बाबूंना म्हणाले.

"कैसे काढू, मॅडम? आचारसंहिता आहे."

"अहो, आत निवडणुकीचीच सूचना आहे!"

"असंल. आम्हाला झाका म्हणले. वाचून झाका, असं कुणी नाय म्हणलं."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

"मग अर्जाची शेवटची तारीख तुम्ही सांगा."

"ती फलकावर आहे ना!"

बाहेर येऊन मी बाटलीतलं पाणी कागदावर शिंपडलं. ओला कागद पारदर्शक होतो, हे पत्रकं चिकटवणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'दिव्यांग मतदारांनी' उमटलं, 'विहित नमुन्यात' उमटलं. तारीख खाली होती. एवढ्यात शिपाई ओरडला, "ओ ताई, केस होईल!" खळ कच्ची होती, कोपरा सुटलेला होता, एक हिसका पुरला असता. पण पुढं केस आणि मागं वडिलांचा नियम. हात तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी निवडणुकीच्या मोठ्या कार्यालयात रांग लावली. खिडकीतून उत्तर मिळालं, "मुदत काल संपली."

घरी आले, सगळं सांगितलं. वडील जड जिभेनं म्हणाले, "कोपरा सुटला हुता?"

"हो."

"मग फाडला का नाय?"

"तुम्हीच तर शिकवलंत, अप्पा."

"अगं माय, त्यो कोरा हुता! कोऱ्या कागदाला कसला मान?"

मतदानाच्या दिवशी गल्लीतले चौघं चादर घेऊन आले. वडिलांनी मान फिरवली. "मयतावाणी न्यायचं नाय मला." दिवसभर जिन्यावर पावलं वाजत राहिली. शेजारचे येऊन शाई लागलेलं बोट दाखवून जायचे, मायेनंच. वडिलांनी स्वतःचा हात पांघरुणाखालून काढला नाही. मी दारात बसून होते. बाहेर जाववेना, आत बघवेना.

निवडणुका येत राहतील. जिना उतरू न शकणारं कुणी ना कुणी तुमच्याही गल्लीत असेल. आचारसंहिता लागली की लगेच आपल्या भागातल्या सूचना फलकासमोर जाऊन उभे राहा. तो झाकलेला असेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि पुढाऱ्याच्या नावावर तेवढी पट्टी ठेवून बाकीचा फलक उघडा होईपर्यंत तिथून हलू नका.