बासिलियोची न वाकणारी करंगळी

माझा नवरा लेओकादिओ म्हणजे आमच्या यागुआरोन गावातला पट्टीचा अ‍ॅकॉर्डियनवाला. लग्न असो, बारसं असो, त्याने भाता ओढल्याशिवाय इथे कुणाचे पाय हलत नाहीत. पण गेलं वर्षभर या बाबाने गिटार घेऊन माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

गिटार त्याच्या धाकट्या भावाची, बासिलियोची. बासिलियो रोज दुपारी अंगणातल्या आंब्याखाली बसून स्वतः रचलेली एक पोल्का, म्हणजे नाचाची धून, आईला ऐकवायचा. मधे एका ठिकाणी सूर सुईकन घसरत वर जायचा आणि तिथे सासूबाई दरवेळी ओरडायच्या, "घसरलास बघ!" तो खो खो हसायचा. रोजचंच होतं ते, कोण लक्ष देणार! मग तो आजारी पडला. अंथरुणात बसून त्याने ती पोल्का कागदावर उतरवली, कुठला सूर कुठल्या बोटाने धरायचा त्याचे आकडे वर घातले आणि लेओला म्हणाला, "आईला ऐकवत जा."

तो गेला आणि सासूबाईंनी आंब्याखाली बसणंच सोडलं. नव्वदीच्या बाई, डोळे गेलेले. खोलीतच पडून राहायच्या. कुणी हात धरला की म्हणायच्या, "बासिलियोला जाऊन वर्ष होईल, त्या प्रार्थनेला त्याची पोल्का ऐकेन, मग बघू." लेओने शब्द देऊन टाकला. गिटारला आयुष्यात कधी हात लावला नव्हता, पण शब्द मात्र दिला!

सूर त्याला वाचता येत होते. घोडं अडलं ते आकड्यांवर. अ‍ॅकॉर्डियनच्या कागदावर एक म्हणजे अंगठा. हा इथेही अंगठ्यापासून मोजत बसला. आता अंगठा दांडीच्या मागे, तारा पुढे. मग हा अंगठा वरून वाकवून तारेवर आणायचा, हात पिळवटायचा, घामाघूम व्हायचा.

"लेओ, कोंबडीची मान मुरगळतोयस का?"

"तू गप्प बस गं. बासिलियो कसा वाजवायचा हे, तेच कळेना."

"जन्मभर त्याच्या शेजारी बसून वाजवलंस ना तू?"

"माझं लक्ष माझ्या पट्ट्यांवर!"

महिनोन् महिने हे चाललं. शेवटी मीच त्याला नीदियाबाईंकडे ढकललं, त्या शाळेत गिटार शिकवतात. त्यांनी त्याचा अंगठा पाहिला आणि हसता हसता हातातला थंडगार तेरेरे चहाचा पेला सांडला. म्हणाल्या, "अहो लेओकादिओ, गिटारीत डाव्या हाताचा अंगठा मोजतच नाहीत. तर्जनी एक, मधलं बोट दोन, अनामिका तीन, करंगळी चार." लेओचं तोंड एवढंसं झालं. पण त्या दिवसापासून पोल्का चालायला लागली. अडली ती फक्त त्या मधल्या जागी. तिथे तीनवरून पुन्हा तीन, तेच बोट लांब वर पळवायचं. "हे चुकलंय. करंगळी रिकामीच आहे की," म्हणून बाईंनी लाल पेन्सिलीने तिथे चार घातला. वाजलं की छान!

प्रार्थनेच्या आदल्या दिवशी लेओने सासूबाईंना वाजवून दाखवलं. एक सूर चुकला नाही. मला तर रडूच आलं. सासूबाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "गोड वाजवलंस, लेओ. आता बासिलियोचं वाजव."

"आई, बासिलियोचंच आहे हे."

"नाही रे बाबा," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

लेओ माझ्यापुढे कागद घेऊन बसला. "सूर तोच, ताल तोच. मग माशी शिंकली कुठे? मला काहीच कळत नाही गं." मलाही कळत नव्हतं आणि मला कळलं नाही की माझं डोकं सणकतं.

मी मंदिओकाचे कंद सोलत होते. म्हटलं, "त्या कागदावर एकदा तरी बासिलियोच्या हातचा चार आहे का रे?"

त्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "नाही. आहे तो बाईंचा लाल."

"कसा असेल? त्याची करंगळी कुठे वाकायची! लहानपणी उसाच्या चरकात चेंगरली होती ना, तूच सांगितलंस मला."

लेओ माझ्याकडे बघतच राहिला. ती ताठ करंगळी आम्ही इतकी वर्षं पाहिली, इतकी की दिसेनाशीच झाली. मग खोडरबर शोधून आणला आणि लाल चार पुसला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, चिपाचे चीज-पाव वाटून झाले. लेओ आंब्याखाली एकटाच बसला आणि करंगळी मधे येऊ नये म्हणून तळहाताशी दुमडून वाजवायला लागला. अडखळत होता. आदल्या दिवशीपेक्षा कितीतरी वाईट! नीदियाबाई माझ्या शेजारी चुळबुळत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, लोकांत हसं होणार आमचं. मग ती जागा आली. तेच तिसरं बोट तारेवरून तसंच ओढत वर गेलं आणि सूर सुईकन घसरला.

आतल्या खोलीतून आवाज आला, "घसरलास बघ!"

लेओचा हात थांबला. लगेच आतून दटावणी आली, "थांबलास का रे? वाजव. आणि कुणीतरी माझी खुर्ची बाहेर आणा."