उडालेलं टोक

नवऱ्याचं घर सोडून ताई माहेरी आली, तेव्हा धाकट्या भावाने तिला आपल्या दागिन्यांच्या दुकानात पॉलिशच्या चाकाशी बसवलं आणि केवढे उपकार केले अशा चेहऱ्याने तो खडे बसवायला गेला. खडे त्याचे. हिच्या वाट्याला बोटांच्या घड्यांत रुतलेली काळी पेस्ट.

भाऊ फक्त गोल खडे बसवायचा. खड्याला धरणाऱ्या बारीक दांड्यांना ते नखं म्हणत. समोरासमोरची दोन दाबायची, मग दुसरी दोन, की झालं काम. वेडावाकडा खडा आला की तो म्हणायचा, "गोल करून आणा." गिऱ्हाईक जायचं ते जायचंच. ताईचा जीव तुटायचा.

शेवटी तिने फुटक्या बाटल्यांच्या काचा घेतल्या, दगडावर घासून त्यांना पैलू पाडले, कुणाला थेंबाचा आकार दिला, कुणाला होडीचा, आणि तांब्याच्या पट्टीची घरं करून त्यांत बसवू लागली. टोकं उडाली. पुन्हा उडाली. टोकाला समोरून तोलणारं नख नसतं, सगळा दाब तिथेच जातो, हे तिला त्या काचांनीच शिकवलं. मग ती टोकाखाली बारीक पोकळी कोरायला लागली. टोक अधांतरी ठेवायचं आणि तिथलं नख सगळ्यांत शेवटी, नुसतं टेकवायचं.

"वन्सं, घरात एक बाटली धड ठेवली नाहीत," भावजय म्हणाली. "तेल काय ओंजळीत आणू?"

"आण. आधी हात धू म्हणजे झालं."

एक दिवस एक नर्स जांभळा खडा घेऊन आली. तिकोनी, एका बाजूला कललेला. आईच्या अंगठीतला. तिला त्याचं लॉकेट हवं होतं.

"गोल करून..." भाऊ सुरू झाला.

"मी बसवते," ताई म्हणाली.

गिऱ्हाइकासमोर भावाने राग गिळला. नर्स गेल्यावर म्हणाला, "बसव. पण बिघडलं तर पुन्हा खड्याला हात लावायचा नाही. चाक बरं नि तू बरी."

ताई हो म्हणाली नाही. तिचं लक्ष त्या कललेल्या बाजूकडे होतं.

खड्याचं घर सुरेख जमलं. लाखेत पक्कं धरून तिने दोन नखं वळवली, टोकावरचं टेकवलं. झालं होतं. तेवढ्यात भाऊ मागे येऊन उभा राहिला.

"सैल वाटतंय."

सैल नव्हतं. तिला ठाऊक होतं. तरी त्याला दाखवायला तिने आणखी एकदा दाबलं. टिक्. तिळाएवढा कपचा उडाला.

भाऊ ओरडला नाही. त्याने भिंगातून पाहिलं. "नख जरा पुढे ओढ, झाकून जाईल. सगळे हेच करतात." मग हळूच, "आणि ताई, आता बास."

"झाकणार नाही."

"अगं, दुकानाचं नाव जाईल!"

"नाव तुझं, हात माझा. मी सांगेन."

नर्स आली तेव्हा तिने लॉकेट आणि भिंग पुढे ठेवलं. "टोक उडालंय. माझ्या हातून. दाबायची गरज नव्हती, तरी दाबलं."

नर्सचा चेहरा उतरला. "आईचा होता हो."

"माहीत आहे. रागवा. नको असेल तर खडा सुटा करून देते. ठेवायचा असेल तर उडालेल्या जागेच्या मापाचं नवं नख करते. झाकायला नाही, धरायला."

नर्स भावाकडे वळली. "तुम्ही द्याल करून?"

भाऊ घुटमळला. "हा आकार... मी नाही करत."

"मग यांनीच करावं. पण मी इथे बसून बघणार."

"बसा की," ताई म्हणाली आणि पदर खोचून भावाच्या टेबलाशी गेली.

"मी काय बजावलं होतं?" तो कुजबुजला.

"ऐकलं होतं," ती चांगली मोठ्याने म्हणाली. "ऊठ आता. मला उजेड लागतो."