गुळावर वाढलेली चिलटं

लोणखेड्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. तीनेक वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी चिलटं निवडली. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती. तिच्या घरची केळीची बाग, त्यामुळे चिलटं शोधायला लांब जायचं नव्हतं. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून ती बाटल्यांत ओतायची आणि त्या खिरीवर चिलटं वाढवायची. अर्ध्या बाटल्यांत गूळ बेताचा, अर्ध्यांत भरपूर. गोड खाऊन वाढ कशी होते, एवढंच बघायचं होतं.

चिलटाला पायांनी चव कळते. पायाला गोड पाणी लागलं की ते लगेच सोंड बाहेर काढतं. हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं. बर्फावर बधिर केलेलं चिलट ती नेलपॉलिशच्या थेंबाने काचपट्टीवर उताणं चिकटवायची, ते शुद्धीवर आलं की भिजवलेल्या दोऱ्याचं टोक त्याच्या पायाला लावायची.

एके दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, जास्त गुळावरची चिलटं फिक्या गोड पाण्याला सोंडच काढत नाहीत."

"पोट भरलेलं असेल त्यांचं."

"नाही सर, दोन्हीकडची कालपासून उपाशी आहेत."

"मग मरायला टेकली असतील. बाटल्या धुऊन टाक आणि नव्याने सुरू कर."

मी पेपर तपासत होतो. मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नाही.

तिने नव्याने सुरू केलं, पण जुन्या बाटल्या धुतल्या नाहीत. या वेळी एकाच बाटलीतली अंडी घेऊन दोन्हीकडे वाटली. सुट्टीच्या दिवशीही यायला लागली. आमच्या प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी एकदा मला गाठलंच. "सर, ती पोर सकायपाईन जेवनी नही. चिलटास्संगे ती बी उपास करी ऱ्हायनी का?"

दोनेक आठवड्यांनी तिने मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर काचपट्ट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीखाली घडी केलेली चिठ्ठी.

"तुम्हीच करा सर. कुठलं चिलट कुठल्या बाटलीतलं, ते मी आत्ता सांगणार नाही."

मी भिंग ओढून बसलो. फिकं पाणी पायाला लावलं की काहींची सोंड झटकन बाहेर यायची. काही ढिम्म. मी सांगत गेलो, ती वहीत लिहीत गेली. मग तिने घट्ट पाक पुढे केला. मघाची ढिम्म चिलटंही त्याला सोंड काढायला लागली. म्हणजे ती मरायला टेकलेली नव्हती. फिकं गोडच त्यांना कळत नव्हतं.

तिने चिठ्ठ्या उलगडल्या. ढिम्म राहिलेली जवळजवळ सगळी जास्त गुळावरची.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "त्या दिवशी मी नीट ऐकायला हवं होतं."

ती जरा लाजली. "आता त्यांना बेताच्या गुळावर ठेवून बघते सर. चव परत येते का ते."

काहींची आली, बऱ्याचशांची आली नाही. तिने तसंच लिहिलं. निष्कर्ष जरा ठाशीव कर, असं मी सुचवलं होतं. "जेवढं दिसलं तेवढंच लिहिते सर," म्हणाली, आणि एक शब्द वाढवला नाही.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी हसत विचारलं, "म्हणजे गोड खाऊन आपलीही जीभ बोथट होते म्हणायची?"

"चिलटांचं सांगू शकते सर. माणसांचं मी तपासलेलं नाही."

परीक्षक खुर्ची सरकवून उठले. "चला, दाखवा तुमची चिलटं," म्हणाले. पुढचा तासभर ते भिंगाला डोळा लावून बसले होते आणि ती शेजारी उभी राहून त्यांच्या हातात एकेक काचपट्टी देत होती.