गाठ सोडणारा हात

डोंगराचे कडे चढायला शिकवणाऱ्या त्या संस्थेत सगळे त्यांना गाठकाका म्हणत. तीस वर्षं दोर बांधण्यात गेलेली. समोरच्याशी गप्पा मारत, हाताकडे न बघता इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ मारायचे आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

रोज सकाळी विद्यार्थी यायच्या आधी ते कड्याच्या माथ्यावरच्या झाडांना दोर बांधत आणि चहाला खाली उतरत. एकदा परत वर गेले, तर एक गाठ त्यांची नव्हती. होती आठाचीच, पण बाहेर उरलेली दोराची शेपटी जेमतेम वीतभर. ते चार बोटं जास्तच सोडत. म्हणजे कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती.

संशय थेट मेहुण्यावर गेला. बायकोचा धाकटा भाऊ. त्यांनीच शिकवून कामाला लावलेला. हल्ली तो संस्थेच्या साहेबांशी हळू आवाजात बोलायचा आणि गाठकाका दिसले की गप्प व्हायचा.

"माझ्या जागेवर डोळा आहे त्याचा," ते बायकोला म्हणाले. ती खाली मान घालून भाजी निवडत राहिली. मग तिच्याबद्दलही शंका आली. भावाबहिणीचं काहीतरी शिजतंय खास!

त्या महिन्यात असं आणखी दोनदा झालं. मग एक दिवस ते चहाला गेलेच नाहीत, खडकाआड दबून बसले. थोड्या वेळानं मेहुणा आला. एकेक गाठ निरखत तिसऱ्या झाडापाशी थांबला, खाली बसला.

"सापडलास!" गाठकाका बाहेर आले. "लोकांच्या जिवाशी खेळतोस?"

मेहुणा दचकला. "दाजी, घरी बोलू."

"इथेच बोल!"

"मग ही बघा. अजून हात लावलेला नाही." दोराचं टोक पहिल्या आठाच्या वाटेनं पूर्ण मागे फिरायला हवं होतं. शेवटचं वळण चुकलं होतं. "ही चौथी खेप."

"तूच काहीतरी केलंस!"

"बरं, आता माझ्यासमोर बांधा."

त्यांनी बांधली, नेहमीसारखी न बघता. मेहुण्यानं नुसतं बोट दाखवलं. वळण पुन्हा चुकलं होतं. गाठकाकांनी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही कळेचना. महिना-दोन महिने तो बधिरच होता. थंडीनं असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुमची बटणं वरखाली लागायला लागली, तेव्हाच ताईच्या लक्षात आलं. म्हणाली, नजर ठेव. वर दोन माणसं द्या, म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो होतो. कारण नाही सांगितलं."

"आणि मला?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

गाठकाका तिथेच बसले. त्या दिवशीचे दोर मेहुण्यानं बांधले. दुपारी ते स्वतःच साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मानेतली नस दबली आहे, बरी होईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर ते दुसऱ्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. तेही तेच म्हणाले.

आता गाठी मेहुणा मारतो आणि गाठकाका चष्मा लावून तपासतात. धडधाकट गाठही कधीकधी सोडायला लावतात.

"काय चुकलं हिचं?" मेहुणा विचारतो.

"काही नाही. शंका आली."

तो पुटपुटतो आणि पुन्हा बांधायला घेतो.